‘नको’ न म्हणता संमोहन

संमोहनाचा कोर्स करायचं खूळ आधी माझ्या डोक्यात शिरलं. धाकट्या जावेने ते नुसतं ऐकलं आणि माझ्याआधी नाव नोंदवून मोकळी झाली. वर म्हणाली, "ताई, तुम्हाला सोबत होईल." मला कुठे सोबत हवी होती? घरात पोळ्या तिच्या मऊ, रांगोळी तिची रेखीव, सासूबाईंची पहिली हाक तिला. सर्टिफिकेट मिळालेली एक तरी विद्या माझ्या एकटीची असावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

दर रविवारी कॉलेज रोडच्या क्लासला आम्ही जायचो, तेही तिच्याच स्कूटरवर. मॅडम सांगायच्या, "सूचना देताना ‘नको’ टाळा. ‘घाबरू नका’ म्हटलं की माणूस घाबरायलाच लागतो." जावेने हे लगेच उचललं. तिचा आवाज मुळातच मुरंब्यासारखा. माझं अर्धं आयुष्य ‘ओल्या पायांनी येऊ नका, डबा विसरू नका’ यात गेलेलं. माझ्या बोलण्यातून ‘नको’ काढणं म्हणजे कढीतून ताक काढणं.

प्रॅक्टिकलला आपलं माणूस आपण न्यायचं होतं. दोघींनी मिळून सासूबाईंनाच नेलं. आधी जाऊ बसली. "आई, तुम्ही माहेरच्या मळ्यात आहात. झेंडूचा वास येतोय..." सासूबाईंची मान अलगद कलंडली. ती पास.

मग मी. "आई, डोळे मिटा. अंग सैल सोडा." सासूबाईंच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली. ते बघून मला हुरूप आला. "आता कसलीही काळजी करू नका," मी प्रेमाने म्हणाले, "गॅस चालू राहिला असेल, ही काळजी तर मुळीच नको."

सासूबाई ताडकन उठल्या. "चालू राहिलाय? अगं, मग इथे काय बसलीस? चल घरी!"

नापास.

पुन्हा परीक्षा द्यायची तर माणूस नवं हवं. नवऱ्याने सातपूरच्या कारखान्यातली शिफ्ट पुढे केली. मुलीने अभ्यास पुढे केला, कधी नव्हे तो. शेवटी जाऊच म्हणाली, "ताई, मी बसते की."

घेतलं तिला. करते काय? एकेक शब्द निवडून बोलले. "श्वास सावकाश... खांदे हलके... सगळं शांत." एकही ‘नको’ नाही. तिचा चेहरा निवळत गेला, मिटलेली मूठ आपोआप उघडली. मॅडम पुढे सरकून कुजबुजल्या, "किती छान! इतक्या सहज इतकं खोल जाणारं माणूस क्वचित मिळतं हो."

पाहिलंत? बोलले मी, घाम फुटला मला, आणि कौतुक डोळे मिटून बसणारीचं!

पास झाले. परतताना स्कूटरवर मागून विचारलं, "खरंच गेली होतीस, की माझी कीव आली?"

"खरंच, ताई. तुमचा आवाज इतका मायेचा लागला ना आज."

मला ते चक्क पटलं, आणि त्याचाच राग आला. हिच्याइतकं गोड मी कुणाशी बोलले असते, तर समोरच्याने आधी विचारलं असतं, "काय काम आहे?"