प्रजेतले काका

शेजारच्या फ्लॅटमधल्या काकांना शांतता सोसत नाही. लग्नात पहिली टाळी त्यांची, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिलं ‘बिलकुल सही’ त्यांचंच. एकदा तर शोकसभेतल्या भाषणालाही त्यांनी टाळी वाजवली.

आमच्या सोसायटीच्या ऐतिहासिक नाटकात भावाला मारून गादी बळकावणारा सरदार प्रजेला विचारतो, ‘मी राजा होऊ?’ प्रजेने फक्त गप्प राहायचं, तोच तिचा नकार. प्रजेत उभे असलेले काका तालमीत दरवेळी ओरडायचे, ‘महाराज की जय!’ आणि मग जीभ चावायचे.

प्रयोगातही ओरडलेच. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळे ओरडलो, मग प्रेक्षकही. सरदार राजा झाला.

विंगेत दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. काका म्हणाले, ‘बेचारा केव्हापासून आशेने बघत होता, भिया. कोणी काहीच बोलेना. अच्छा नहीं लगता.’