साडेचार कोयत्यांचा संघ

मुठीतले फासे खुळखुळवताना दाजी डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "टिका रं पोरांनो, टिका."

ही पोरं म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले बेसबॉल खेळाडू! आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात बेसबॉलचा चेंडू कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. दाजी गावचे जावई, म्हणून सगळ्यांचेच दाजी. ऊसतोडीला गेलेले असताना, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पडले. कमरेखालचं सगळं गेलं. भर हंगामात त्यांना टोळीतून उचलून गावी आणावं लागलं. तेव्हापासून खाट, मोबाईल आणि शेजारचा मी, गिरणीवाला.

मोबाईलवरच त्यांना तो खेळ सापडला. तिकडच्या पहिल्यावहिल्या पगारी लीगचा अख्खा हंगाम फासे टाकून पुन्हा खेळायचा. संघात नऊ जण असतात म्हटल्यावर दाजी म्हणाले, "नऊच? म्हंजे साडेचार कोयते!" ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दाजींचा हिशेब तोच.

बरं, संघ तरी कोणता घ्यावा माणसानं? जो खऱ्या हंगामात हरून हरून मध्येच मोडला, तो! मी वैतागलो. "अहो, जिंकणारा घ्या की!"

"जिंकाय कुणाला पायजे? ह्यांनी हंगाम पुरा करावा, बस. अर्ध्यातनं घरी येणं लई वाईट असतंय, भाऊ."

खाटेखाली घरंगळलेला फासा उचलून मी त्यांच्या हातात दिला.

दिवाळीनंतर ताई, म्हणजे त्यांची बायको, भावाच्या टोळीत एकटीच गेली. अर्धा कोयता. संध्याकाळी फडातून फोन करायची, "जिंकली का पोरं?"

"न्हाई. पर सगळी हजर हायत."

दाजी हे इतक्या अभिमानाने सांगायचे, की मला हसू यायचं.

थंडीत, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या. ताप उतरेना. हातात फासे धरवेनात. पोरांचे सामने बाकी राहिले आणि दाजी गेले.

मातीला फडावरून आलेल्या ताईनं दहावा झाल्यावर मला विचारलं, "भाऊ, ह्यांचा हंगाम पुरा झाला का?"

"झाला, ताई." धादांत खोटं बोललो.

"बरं झालं. लई जीव लागला होता त्यांचा."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि दुपारच्या एसटीत बसली. टोळीचा ऊस अजून उभा होता.