मिस्त्रीचा अंगठा

दूधवाल्याच्या टेम्पोचं इंजिन तिसऱ्यांदा उघडायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रीच्या तोंडात शिवीसुद्धा उरली नव्हती. पिस्टन नवे, रिंगा नव्या, नट न् नट स्वतःच्या हातानं आवळलेला. तरी चावी फिरवली की इंजिन घरघरायचं, कार्बोरेटरमधून फाटकन ठसकायचं आणि रुसून गप्प बसायचं.

"टायमिंग चुकलंय," दूधवाला उपड्या कॅनवर बसून म्हणाला.

"ते मलाही कळतंय."

"मग घोडं अडलंय कुठं? उद्या दुपारपर्यंत बघतो, नाहीतर समोरच्याकडं ओढत नेतो. राग मानू नका."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचं नवं गॅरेज. निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेलीच होती. हा गेला की उरलेलीही त्याच्या मागं.

मिस्त्रीनं पुढचं झाकण काढलं. आतल्या दोन्ही दातेरी चाकांवरच्या खुणा बरोबर समोरासमोर. मग राहिला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर. पिस्टन एकदा हवा दाबत वर येतो, एकदा धूर लोटत. ठिणगी हवी दाबाच्या खेपेला. ती ओळखायला पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि इंजिन हातानं फिरवायचं. दाब आला की हवा अंगठ्याला ढकलते. जन्मभर त्यानं असंच केलं होतं.

बायको चहा घेऊन आली. त्याची कंबर धरली होती, म्हणून त्यानं पाना तिच्या हातात दिला.

"जरा फिरव."

"फिरवते. भाकरी काय, आपोआप भाजतायत."

पिस्टन वर आल्याची खूण दिसली. भोकावरच्या त्याच्या अंगठ्याला काही नाही. आणखी एक फेरा, पुन्हा खूण, पुन्हा काही नाही. दाबच नाही म्हणजे रिंगाच गेल्या. म्हणजे परत सगळं खोलायचं.

"अहो, आत्ता फुस्स झालं की."

"कुठं?"

"तुमच्या अंगठ्याखाली."

मग तिनं अंगठा ठेवला, त्यानं फिरवलं. तिनं हात झटकन मागं घेतला. "ढकललं की मला."

मिस्त्रीनं पेचकसाचं टोक स्वतःच्या अंगठ्यात रुतवून पाहिलं. लाकूड.

"मागं उकळतं पातेलं बिनफडक्याचं उचललंत," ती म्हणाली. "मला वाटलं, उतारवयात शूर झालात."

डिस्ट्रिब्यूटर उलट्या खेपेला बसला होता. त्यानं तो उपसला, अर्धा फेरा वळवून बसवला. झाकण लावल्यावर पहिल्याच चावीला इंजिन लागलं. मिस्त्री भिंतीला टेकून नुसता ऐकत राहिला. आनंद करायलाही अंगात जोर लागतो.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "काय होतं?"

वायर सुटली होती म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"अंगठा बधिर झालाय माझा. दाब कळला नाही, उलटं बसवलं."

दूधवाल्यानं वाकून इंजिनाशी कान नेला. "मग इथून पुढं?"

"हिचा अंगठा आहे."

"हिला विचारलंत का?" आतून बायकोचा आवाज आला.

दूधवाल्यानं कॅन चढवले. "भावाचं इंजिन बांधायचंय पुढच्या महिन्यात. वहिनी असतील ना घरी?"

"जाते कुठं ती," मिस्त्री म्हणाला आणि कंबर धरून हळूच खाली बसला.