फॅटकाकी आणि कोपऱ्यातली कडी

फॅटकाकी दूध घालणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. वडगाव निंबाळकरला आमच्या शेजारच्या ओसरीवर तिचं दूध संकलन केंद्र होतं. मशीनवर आकडा उमटायच्या आत ती नुसत्या वासावर "सहा-आठ" किंवा "सात-दोन" असं फॅट सांगून मोकळी व्हायची, आणि तेव्हा तिची नजर किटलीत असायची. समोर पुढारी असो की एका म्हशीवर घर चालवणारी बाई, आवाज तोच. "तोंड बघितलं की आकडा हालतो," असं तिचं म्हणणं. अंगाने काडी, आणि नाव फॅटकाकी. नावं ठेवण्यात आमच्या गावाचा हात कोण धरणार!

रांग संपली की फाटक्या-चुकलेल्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर ती बॉलपेनने तीन चौकटी आखायची आणि त्यांत चंद्री नावाची म्हैस काढायची. एकदा पहिल्या चौकटीत मालक हापशावर किटली भरतोय, दुसरीत चंद्री बघतेय, आणि तिसरीत म्हणतेय, "मालक, एवढं पाणी मला पाजलं असतं तर दूध तरी वाढलं असतं." हे बघून ज्यांना हसू आलं नाही त्यांची नावं गावाला आपोआप कळली. फोनवर फोटो काढून काकी ते चित्र एका फुकटच्या संकेतस्थळावर टाकायची. ते पान तिच्या मुलीने, रूपालीने, तिला उघडून दिलेलं. "आई, पावत्या चुलीत घालण्यापरास हितं टाकत जा," असं ती म्हणाली होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी रूपालीने पळसदेवच्या एका मुलाशी लग्न केलं. त्याच्या घरी धरणाच्या पाण्यात मासेमारी चालायची. काकीचे यजमान, म्हणजे आमचे आबा, बिथरले. "माझ्या दारातनं ती आत येणार न्हाय," असं ओसरीवर उभं राहून सगळ्या आळीला ऐकवलं. एवढ्यावर थांबले नाहीत. काकीला त्यांनी लेकीच्या गळ्याची शपथ घातली की तिच्याशी बोलायचं नाही, कुणाच्या तोंडून निरोप धाडायचा नाही, चिठ्ठी लिहायची नाही. रोज संध्याकाळचं दूध गेलं की ते काकीचा फोन मागून घ्यायचे आणि बोटाने वर-खाली करत सगळं तपासायचे. चंद्रीचं चित्र दिसलं की तेवढं हसायचे. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

मी बारामतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, गावातून रोज जाऊन-येऊन. जुने अंक स्कॅन करून जपणं हे माझं काम. सहा वर्षांनी त्या संकेतस्थळाची सूचना आली की महिनाअखेरीस सगळं बंद होणार. माझ्या अंगात संग्राहक संचारला. साडेनऊशे चित्रं! इंटरनेटवरच्या अशा चित्रमालिकेला वेबकॉमिक म्हणतात, हे काकीला मीच सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? मला वाटलं म्हशीची चित्रं हायती."

मी सगळी चित्रं उतरवून घेतली, तक्ते केले, आणि वार्षिक अंकासाठी लेखही लिहायला घेतला. 'ग्रामीण स्त्रीच्या श्रमांचा मूक उद्गार' असं काहीतरी भारदस्त त्यात होतं. दुग्धव्यवसायावरचा उपहास होता, चंद्री म्हणजे काकीचंच रूप असा एक सिद्धांत होता. ओसरीवर बसून मी तिला वाचून दाखवलं. "आसंल बाबा," ती किटली विसळत म्हणाली. "मी आपली येळ जात न्हाय म्हणून काढती." चार म्हशी, दोन वेळचं संकलन आणि रांधणं सांभाळणारी बाई वेळ जात नाही म्हणते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी शहाणा होतो ना!

आठवडा उरला असताना मी लॅपटॉप घेऊन गेलो. पावत्यांच्या मळक्या, दुमडलेल्या कडा मी निगुतीने कापल्या होत्या, डागही पुसले होते. चित्रं कशी लख्ख दिसत होती. काकीने एक बघितलं, दुसरं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"संजू, कडी कुठं गेली?"

"कसली कडी?"

"कोपऱ्यातली. खालच्या. परत्येक चित्रात हुती."

मला आठवलं. उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, एक छोटी दाराची कडी असायची. पेन चालतंय का बघायला केलेली खूण समजून मी ती साडेनऊशे ठिकाणी कापून टाकली होती.

काकीने मला गोठ्याकडे नेलं. रूपाली लहान असताना आबांना राग आला की काकी परसदाराला आतून कडी लावायची. शाळेतून आलेली पोर दार ढकलून बघायची, आणि लागलेलं असलं की आवाज न करता आमच्या घरी यायची. दार उघडं असलं की खुशाल आत. "शपथ बोलायची हाय, लिवायची हाय. चितार काढायची न्हाय," काकी म्हणाली. "कडी लावल्याली हाय, अजून येऊ नगं, येवढंच सांगती तिला. ती बघती. खाली एक शबुद टाकती."

तो शब्द माझ्या तक्त्यात होता. प्रत्येक चित्राखाली एका निनावी वाचकाचा एकच अभिप्राय, 'पाहिलं'. मी त्याच्यापुढे 'किरकोळ' असं लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी माझी मलाच इतकी लाज वाटली की लेख तिथल्या तिथे पुसून टाकला. मूळ फाइलीही मी जागा अडते म्हणून काढल्या होत्या. पुढचे पाच दिवस कॉलेजातून घरी आलो की साडेनऊशे चित्रं पुन्हा उतरवत बसलो, या वेळी कडांसकट, डागांसकट.

त्यातच एका संध्याकाळी काकीच्या ओसरीवर बसलो असताना आबा मागे येऊन उभे राहिले. काकी समोरच पावत्या लावत होती. आबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्ये कोपऱ्यात काय काढती गं तू दर बारीला?"

काकीचा हात जागीच थांबला. तिला खोटं बोलता यायचं नाही, आयुष्यभर आकडे खरे सांगितल्याचा तो तोटा होता.

"सही आहे, आबा," मी म्हणालो. "चित्रकार कोपऱ्यात सही करतात."

आबांनी पडद्याकडे बघितलं, मग काकीकडे. बराच वेळ बघितलं. "सही व्हय," असं म्हणून ते आत गेले. काकीने पावत्या पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तर ती चित्र काढत होती. कोपऱ्यातली कडी या वेळी निघून खाली लोंबत होती. मी दचकलो. "काकी, आबा?"

"शपथ बोलायची हुती, दार उघडायची न्हवती," ती म्हणाली. "आन् ह्यांचं दार म्होरलं. परसदार माझं हाय. आज न्हाय उघडलं तर उद्या सांगू कशात?"

संध्याकाळी मी पान उघडायला गेलो तर ते बंद झालेलं. ते शेवटचं चित्र मला उतरवता आलं नाही. रूपालीने ते पाहिलं की नाही, हे कळायला मार्ग उरला नव्हता. "बघितलं आसंल का रं तिनं?" काकीने विचारलं.

पुढचे चार दिवस आठवले की अजून जीव धास्तावतो. काकी परसदाराची कडी काढून ठेवायची, आबा येता-जाता लावायचे. "कुत्री शिरत्याती घरात, कोण ठेवतंय उघडं?" म्हणून ओरडायचे. ते ओसरीवर गेले की काकी पुन्हा काढायची. फॅटचे आकडे त्या चार दिवसांत तिने दोनदा चुकवले, आणि गावात त्याची चर्चा झाली.

पाचव्या दिवशी दुपारी रूपाली आली. भिगवणला एसटी बदलून, कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन, परसदाराने आत. मी तिला येताना पाहिलं आणि धावत गेलो, कारण आबा घरात होते. त्यांना चाहूल लागलीच.

"कोण हाय तितं?"

काकी मधल्या दारात उभी राहिली. "वाचक हाय माझी," ती म्हणाली.

मला वाटलं, आता काही तरी फेकून मारतात. मग वहाणा वाजल्या. आबा पुढच्या दाराने निघून गेले आणि दिवेलागणीपर्यंत फिरकले नाहीत. इकडे काकीने शपथ मोडली नाही. लेक बोलत होती आणि आई पावत्यांवर चित्रं काढून उत्तरं देत होती. नातीला चंद्री इतकी आवडली की ती पावतीच चाटायला लागली. जाताना रूपालीने सगळ्या पावत्या पिशवीत भरून नेल्या.

मग ती महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिली, नेहमी परसदारानेच. आबा त्या दिवशी रानात जायचे. बाप-लेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या वर्षी काकी गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत खेळ आटोपला. तेराव्याला रूपाली आली ती परसदाराने आणि गेलीही तशीच. दुसऱ्या दिवशी आबांनी मला हाक मारली. "ती म्हसरांची चितारं दाव."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी चंद्रीकडे बघितलंही नाही. एकेका चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवत पुढे जात राहिले.

"सही न्हाय ही," ते म्हणाले. "मला तवाच ठावं हुतं. माझ्याच रागाची कडी मला वळकायची न्हाय व्हय?"

सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "समद्यात लावल्यालीच हाय. उघडी कुठं हाय?"

"ते चित्र माझ्याकडं नाही, आबा. ते फक्त तिनं पाहिलं."

ते उठून परसदाराकडे गेले. कडी काढल्याचा आवाज आला. परत आले आणि काकीचा तो फोन, जो ते रोज तपासायचे, माझ्या हातात दिला. "तिचा लंबर हाय का तुझ्याकडं? लाव."

मी लावला. पलीकडून रूपाली "हॅलो, हॅलो" करत राहिली. आबांनी फोन माझ्याकडून घेऊन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"पाह्यली गं," शेवटी ते म्हणाले. "समदी पाह्यली."