शिसं काढलेला काटा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या या माणसाला बाजारात सगळे ‘काटेवाला’ म्हणतात. वय चौतीस. तपासणीची वजनं तो चिमट्याने उचलतो, कारण बोटाचं तेल लागलं तरी फरक पडतो. दुरुस्त झालेल्या प्रत्येक काट्यावर चिठ्ठी लावतो: आज तपासला, पुढची तपासणी अमुक तारखेला. तारखेशिवाय काटा दुकानाबाहेर जात नाही.

तीन महिन्यांपूर्वी त्याचं वजन नऊ किलोंनी उतरलं. तहान भागेना. साखर ४८० निघाली. ‘टाइप वन’, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरीराचं इन्शुलिन संपत चाललंय, सुई आता जन्मभर. दिवसाला बावीस युनिट. त्याने मान डोलावली. काय बिघडलंय आणि त्यावर उपाय काय, एवढं त्याला पुरे होतं.

पण साखर खाली येत गेली आणि सहा आठवड्यांत बावीसचे चौदा करावे लागले, चौदाचे चार. एकदा दुकानात साखर बासष्टवर घसरली आणि चिमट्यातलं वजन फरशीवर पडलं. त्याला साखर मोजायच्या मीटरचा संशय आला. आणखी दोन मीटर आणले. एका थेंबाचे तीन आकडे आले: ९८, १०४, १११.

“असा काटा मी भंगारात घातला असता,” तो म्हणाला.

“तिन्ही चांगलेच आहेत की!” कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्याचे वडील, नाना, म्हणाले. “बरा झालास तू. मुळात झालंच नव्हतं काही. त्या बाईंचाच काटा चुकला असेल.”

नानांचं बोलणं तो सहसा कानाआड करतो. हे मात्र डोक्यात घर करून बसलं. बरा झालो असेन तर सुई कशाला? नसेन, तर आकडे इतके सरळ कसे? दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं भणाणलं. एका सोमवारी त्याने कुणालाही न सांगता सुई बंद केली.

पहिल्या दिवशी ११२. तिसऱ्या दिवशी ११९. सहाव्या दिवशी १३८, तेव्हा त्याने जेवणाला दोष दिला. नवव्या दिवशी नुसती सर्दी झाली आणि मीटरवर २६० उमटलं. बाकीच्या दोन्ही मीटरांनीही तेच सांगितलं. या वेळी तिघांचं एकमत होतं.

त्याच दिवशी सुयांचा डबा बायकोच्या हाती लागला. तिने तो हलवून पाहिला.

“अहो, हा आठवडाभर भरलेलाच कसा?”

त्याने सांगून टाकलं. ती ओरडली नाही. म्हणाली, “तो किराणावाला आठवतो? पारड्याखालचा शिशाचा तुकडा खरवडून आला होता?”

आठवत होता. तोल साधायला पारड्याच्या खोबणीत बसवलेलं शिसं त्या गृहस्थाने मळ समजून काढलं होतं. का, तर काटा बरोबर चालतोय, मग हे कशाला? काटेवाल्याने आठवडाभर त्याची टर उडवली होती.

“ते वेगळं,” तो म्हणाला.

“कसं?”

त्याने दवाखान्याची फाइल काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासून घेतली, मग चांगलंच फैलावर घेतलं. उरल्यासुरल्या पेशी थोडे दिवस पुन्हा काम करतात, म्हणाल्या. आजार तिथेच असतो. थोडी सुई चालू ठेवायचीच. याला हनीमून म्हणतात.

“आमचा चार दिवसांत आटोपला होता,” बायको म्हणाली. “हा किती दिवसांचा?”

“कुणाचा काही महिने, कुणाचा वर्षभर.”

“पण तारीख?” काटेवाल्याने विचारलं. “अंदाजे तरी?”

“ती कुणालाच सांगता येत नाही.”

घरी आल्यावर त्याने आधी चार युनिट टोचून घेतली. मग मीटरच्या डबीवर दुकानातली चिठ्ठी चिकटवली. ‘आज तपासला’पुढे तारीख घातली. ‘पुढची तपासणी’पुढे पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्याने लिहिलं, ‘उद्या’.

बायकोने वाचलं. “आणि परवा?”

“परवाही हेच लिहीन,” तो म्हणाला, आणि चिठ्ठीकडे पाहत राहिला. रोज चार युनिटचं शिसं बसवून आपण काटा दुरुस्त करतोय की नुसता तोलून धरतोय, हे काही त्याला ठरवता येईना.