टाकीत सोडलेल्या गौरी

आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, पुजायचे आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडायचे. गिरगावात पाणवठा म्हणजे चौपाटी. यंदा सुनेने खडे आणून दिले, पण सोडायच्या दिवशी तिला ऑफिस आणि माझे गुडघे सुजलेले. अक्षता टाकल्या, खडे नळाखाली धुतले आणि ह्यांच्या माशांच्या टाकीत सोडले. पाणी ते पाणी.

हे म्हणजे माझा नवरा. अर्धांगवायू झाल्यापासून ह्यांना टीव्ही नको, माणसं नकोत. माशांकडे बघता बघताच चार घास पोटात जातात. मासे नाहीत तर जेवण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत. एक तळाशी आडवा. ह्यांनी ताट ढकललं. सून कामाला निघाली होती, तिला हाक मारून जिन्यातून परत बोलावलं.

"आई, टाकीत काय घातलंत?"

"गौरी सोडल्या."

"टाकीत? काढा आधी!"

"गौरीला अशी उपसून काढायची?"

"अक्षता टाकल्यात ना? मग गौरी गेल्या. हे दगड आहेत."

तिने खडे काढले, मेलेला मासा काढला, टाकीतलं अर्धं पाणी उपसून माशांसाठी बादलीत भरून ठेवलेलं शिळं पाणी घातलं. म्हणाली, "दगडांवर लिंबू पिळून बघा. फेस आला तर दगडात चुना. तो टाकीत चालत नाही, कुंकूही चालत नाही." आणि गेली.

मी पिळलं. पाच खड्यांवर फेस आला. दोन काळे गप्प राहिले, पण त्यांच्याही भेगांत कुंकू होतं.

संध्याकाळी मासे खाली उतरले. हे मात्र जेवेनात. चांगला हात टाकीकडे करून म्हणाले, "काळा." सगळ्यात लहान मासा काल काळ्या खड्यामागे लपला होता. आता कोपऱ्यात अंग चोरून होता.

"एक मेला तो पुरला नाही?" मी ओरडले.

"काळा."

एक काळा खडा घेतला. नव्या ब्रशने, साबणाशिवाय, भेगांतलं कुंकू पार निघेपर्यंत घासला. पुन्हा लिंबू, पुन्हा वाट बघणं, पुन्हा धुणं. हात तळापर्यंत नेऊन तो अलगद ठेवला, बाही भिजली.

लहान मासा त्याच्यामागे गेला. ह्यांनी तोंड उघडलं. मी घास भरवत होते, पण डोळे पाण्याच्या वरच्या थरावर होते. कुणी तोंड उघडून वर येतंय का, तेवढंच बघत होते.