ओट्यावरचं वायफाय

पवनीतल्या आमच्या गल्लीत पहिलं वायफाय आलं ते माझ्या घरी. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, तिचा चेहरा बघता यावा म्हणून बायकोने हट्टाने लावून घेतलं. पासवर्ड तिनेच ठरवला, मुलीचं लाडाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. शेजारची कोणी वाटी घेऊन विरजण मागायला आली, की ही विरजणाबरोबर पासवर्डही देऊन टाकी. मी चिडायचो. जन्मभर लुगडी-पातळं विकलेला माणूस मी, फुकट वाटायची सवय नाही. ती म्हणे, "विरजण देल्यानं आपलं दही कमी होते काय?"

दही कमी होत नव्हतं, नेट मात्र होत होतं.

पुढे बायको वारली, तरी नेटसाठी ओटा भरलेलाच राहिला. समोरची विणकरीण दुपारी हातमाग थांबवून मालिका बघायला यायची. संध्याकाळी तिचा नवरा क्रिकेट बघत बसायचा. त्यांची मुलगी कॉलेजचे व्हिडिओ बघायची. "काकाजी, जेवले काय?" एवढं विचारून, उत्तर न ऐकताच, सगळे परत मोबाइलमध्ये. मला त्यांचा वैताग यायचा.

रविवारी मुलीचा फोन यायचा आणि तिचा चेहरा मध्येच अडकायचा, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. शेवटी तीच कंटाळली. "बाबा, राऊटर दाखवा ना कोणाले तरी. तुमचं अर्धं बोलणं मले समजूनच नाही राहिलं."

दुरुस्तीवाला आला. राऊटर लोखंडी कपाटामागे होता, तो काढून त्याने उंच भिंतीवर लावला. मग मोबाइलमध्ये बघून हसला. "काकाजी, लाइन बराबर हाय. पर एका राऊटरवर अख्खी गल्ली बसली, तं स्पीड वाटूनच जाईन ना!"

मी पासवर्ड बदलून घेतला. नवा असा, की मलाही पाठ होईना.

दुसऱ्या दिवशी विणकरीण ओट्यावर बसली, मोबाइल दोन-तीनदा हलवून पाहिला. "काकाजी, नेट नाई चालून राहिलं."

"मुलीनं पासवर्ड बदलवाले लावला," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि उठून गेली. पासवर्ड तिने मागितला नाही. माझ्या बायकोजवळ कोणाला कधी मागावा लागलाच नव्हता. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले आणि मला बरं वाटलं.

त्या रविवारी मुलगी लख्ख दिसली. तिच्या केसांत पांढरे आलेत, हे मला तेव्हा कळलं. "बाबा, आता कसे साफ दिसून राहिले!" ती म्हणाली. मग माझ्या मागे बघत राहिली. "घर किती सुनं वाटते. ते मागं बोलत राहायचे, ते लोकं कुठं गेले? मले वाटे, चला, बाबाजवळ कोणी तरी हाय."

"हायत ना, ओट्यावर हायत," मी म्हणालो. आवाज इतका स्वच्छ जात होता, की ओट्यावर कोणी नाही हेही तिला ऐकू गेलं असणार.

काही दिवस मी नुसता कुढलो. मग दुरुस्तीवाल्याला बोलावून जुना पासवर्ड परत लावला आणि वाटी घेऊन समोर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा विरजण मागत होतो. विणकरणीने वाटी भरून दिली.

"पासवर्ड जुनाच केला," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. "येत जा."

"राहू द्या काकाजी, आता आम्हीबी लावलं ना घरी," ती म्हणाली. आतून मालिकेचा आवाज येत होता. "तुम्हालेच तरास होत होता आमचा."

मी परत फिरलो. घरी येऊन वाटी ओट्यावरच ठेवली आणि बराच वेळ तिच्याशेजारी बसलो. दूध आणायचं राहूनच गेलं.

जुना पासवर्ड अजून तोच आहे. आता रविवारी मुलीचा चेहरा एकदाही अडकत नाही. मी मात्र बोलता बोलता वाट बघत असतो, एकदा तरी अडकावा.